अकराव्या दिवशी बंद पडणारा डबा: ड्रायव्हरने कर्नलची मेमरी मागायची कशी आणि सोडायची कशी

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत असताना आमचा एक डबा दर अकराव्या दिवशी बंद पडायचा. डबा म्हणजे तळहाताएवढं बोर्ड: एआरएम प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, आणि आत लिनक्स. कारखान्यातल्या मशीनवरच्या सेन्सरचे आकडे वाचायचे आणि वर सर्व्हरला पाठवायचे, एवढंच त्याचं काम. बंद पडला की तिथला माणूस प्लग काढून परत लावायचा, आणि पुढचे दहा दिवस सगळं सुरळीत. शेवटी त्यानेच उपाय काढला. दर रविवारी रात्री डबा एकदा बंद करून चालू करायचा. आमच्याकडे तक्रार 'निकाली' म्हणून बंदही झाली.

सेन्सरचा ड्रायव्हर (म्हणजे त्या हार्डवेअरशी बोलणारा कोड) मी लिहिला होता, त्यामुळे माझ्यापुरती ती बंद झाली नव्हती.

चूक सांगायला सोपी आहे. सेन्सरकडून आलेल्या प्रत्येक निरोपासाठी ड्रायव्हर कर्नलकडे (लष्करातल्या नव्हे, ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे) थोडी मेमरी मागायचा, निरोप त्यात ठेवायचा, तपासायचा, पुढे द्यायचा आणि मेमरी सोडायचा. पण चेकसम (निरोप वाटेत बिघडला नाही ना, हे तपासायचा आकडा) चुकला तर फंक्शन मधूनच मागे फिरायचं, आणि त्या वाटेवर मेमरी सोडायची ओळच नव्हती. ऑफिसच्या टेबलावर एकही निरोप खराब येत नसे. कारखान्यात शेजारी वेल्डिंग चालायचं, मोठ्या मोटरी सुरू व्हायच्या, आणि साधारण दर तीन सेकंदांना एक निरोप खराब यायचा.

प्रत्येक खराब निरोपामागे १४० बाइट. एवढ्याने काय होतंय, असं वाटेल. मलाही वाटलं होतं.

मागे आवरणारं कोणी नाही

साधा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एक सवय लागलेली असते, ती आधी मोडावी लागते. तुमचा प्रोग्रॅम मेमरी मागून सोडायला विसरला, तरी तो संपला की कर्नल त्याची सगळी मेमरी काढून घेतो. लॉजची खोली सोडून गेलात की मागे पोऱ्या येऊन चादरी उचलतो, तसं. ड्रायव्हर मात्र कर्नलच्याच आत राहतो. तो पाहुणा नाही, घरातलाच आहे. त्याने माळ्यावर टाकलेलं सामान तिथेच राहतं. ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून टाकलं तरी त्याने मागितलेली मेमरी आपोआप परत येत नाही, कारण कोणता तुकडा कोणत्या ड्रायव्हरने घेतला याची नोंद कर्नल एरवी ठेवत नाही. मशीन रीस्टार्ट करणं हाच मार्ग. रविवार रात्रीचा तो उपाय म्हणूनच चालत होता.

दोन फरक आणखी आहेत. साध्या प्रोग्रॅमला मेमरी 'मिळते' तेव्हा बहुतेक वेळा नुसता वायदा मिळतो. खरं पान (रॅमचा ठरलेल्या मापाचा तुकडा) तो त्याला हात लावेल तेव्हा जोडलं जातं. केमॅलॉकने (कर्नलच्या आत मेमरी मागायच्या नेहमीच्या फंक्शनने) मागितलेली कर्नलची मेमरी मात्र त्याच क्षणी रोख मोजून दिली जाते. आणि लिनक्समध्ये कर्नलची स्वतःची मेमरी डिस्कवरच्या स्वॅपमध्ये कधीच ढकलली जात नाही. वापरात असो वा नसो, ती रॅम अडवून बसते.

म्हणून गळती लागली की शेवट विचित्र होतो. रॅम संपत आली की कर्नल ओओएम किलर नावाचा इलाज सोडतो. तो जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम शोधून मारतो. आमच्या डब्यात तो आकडे पाठवणाऱ्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला मारायचा. गुन्हेगार कर्नलच्या आत, आणि फाशी बाहेरच्याला. थोडी रॅम मोकळी व्हायची, गळती ती पण प्यायची.

१४० मागितले, १९२ गेले

केमॅलॉक या फंक्शनला दोन गोष्टी सांगायच्या असतात: किती बाइट हवेत, आणि एक फ्लॅग. फ्लॅगची गंमत पुढे येईल. आधी 'किती' बघू, कारण माझा हिशोब तिथेच चुकला.

डब्यात कर्नल आणि बाकी पसारा वगळून साधारण ६० एमबी मोकळे असायचे. दर तीन सेकंदांना एक गळती म्हणजे दिवसाला २८,८०० तुकडे. गुणिले १४०, म्हणजे दिवसाला ४० लाख बाइट. या हिशोबाने डबा पंधरा दिवस टिकायला हवा होता. तो अकराव्या दिवशीच मरायचा. मधले चार दिवस कुठे गेले?

कर्नल रॅमचा हिशोब मुळात पानांनी ठेवतो, आणि एक पान सहसा ४ केबीचं. पानं वाटणाऱ्या व्यवस्थेला बडी अ‍ॅलोकेटर म्हणतात. तो एक, दोन, चार, आठ अशा दुपटीच्या गठ्ठ्यांतच पानं देतो. पण १४० बाइटसाठी अख्खं पान देणं म्हणजे एका माणसासाठी बस सोडणं. म्हणून त्याच्यावर किरकोळीचं दुकान असतं, त्याला स्लॅब म्हणतात. ही कल्पना जेफ बॉनविक यांनी सन कंपनीच्या सोलॅरिस या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी १९९४ मध्ये मांडली, आणि लिनक्सने ती उचलली. लिनक्समध्ये एके काळी अशी तीन दुकानं होती: स्लॅब, स्लब आणि स्लॉब. स्लॉब २०२३ मध्ये काढलं, जुनं स्लॅब २०२४ मध्ये, आणि आता स्लब एकटं उरलंय.

या दुकानात मापं ठरलेली असतात: ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६, ५१२ असं वर आठ केबीपर्यंत. १४० मागितले की १२८ मध्ये मावत नाहीत, म्हणून पुढचं माप, १९२. उरलेले ५२ बाइट तुमच्या नावावर वाया. आता पुन्हा हिशोब करा: २८,८०० गुणिले १९२ म्हणजे दिवसाला सुमारे ५५ लाख. अकरा दिवसांत ६० एमबी साफ.

हा फरक कळला त्याच दिवशी चूक सापडली. कर्नल प्रॉक या फोल्डरखाली स्लॅबइन्फो नावाची फाइल दाखवतो. त्यात प्रत्येक मापाचे किती तुकडे बाहेर गेले आहेत ते लिहिलेलं असतं. मी ऑफिसमधलं ड्रिल मशीन सेन्सरच्या केबलशेजारी चालवलं आणि ती फाइल पुन्हा पुन्हा वाचत बसलो. बाकी सगळ्या ओळी वरखाली होत होत्या. केमॅलॉक-१९२ ची ओळ फक्त वर चढत होती. ड्रिल थांबवलं की ती थांबायची. शेजारच्या टेबलावरच्यांनी कानात बोटं घातली होती, पण मला इतका आनंद फार कमी वेळा झालाय.

मोठी मागणी असेल तर अडचण वेगळी. केमॅलॉक जे देतो ते खऱ्या रॅममध्ये सलग असतं. एसटीत वीस जागा रिकाम्या असतात, पण चौघांच्या कुटुंबाला सलग चार मिळत नाहीत, तसं बराच वेळ चाललेल्या मशीनमध्ये होतं. एकूण रॅम भरपूर मोकळी, पण एक एमबीचा अखंड तुकडा नाही. अशा वेळी व्हीमॅलॉक कामी येतो. तो इकडची तिकडची पानं गोळा करतो आणि पत्त्यांच्या तक्त्यात ती ओळीने लावून देतो. तुमच्या कोडला सगळं सलग दिसतं. याला थोडा जास्त वेळ लागतो. आधी केमॅलॉक करून बघायचं आणि नाही जमलं तर व्हीमॅलॉक, असं दोन्ही करणारा केव्हीमॅलॉक २०१७ पासून आहे. परत करताना मात्र ज्याचं त्याला. केमॅलॉकचं सोडायला केफ्री असतं; व्हीमॅलॉकचं त्याला दिलं तर गोंधळ. केव्हीफ्री दोन्ही ओळखतो.

आणि हार्डवेअर स्वतः रॅममध्ये लिहिणार असेल, म्हणजे डीएमए असेल, तर यातलं काहीच स्वतःच्या अंदाजाने करू नका. हार्डवेअरला दिसणारा पत्ता आणि प्रोसेसरला दिसणारा पत्ता एकच असेल असं नाही, मध्ये कॅशेही (प्रोसेसरची जवळची छोटी मेमरी) असतो. त्यासाठी डीएमएची वेगळी फंक्शन्स आहेत, तीच वापरायची.

एकाच जातीच्या अनेक गोष्टी मागताना आणखी एक जागा सांभाळा. समजा ३२ बिटच्या मशीनवर प्रत्येकी ४० बाइटच्या नोंदी हव्या आहेत आणि किती नोंदी तो आकडा बाहेरचा प्रोग्रॅम देतो. त्याने १०,७३,७४,१८३ सांगितले. गुणाकार ३२ बिटांत मावत नाही, वरचं गळून पडतं आणि उरतात २४. तुम्ही २४ बाइट मागता, आनंदाने मिळतात, आणि मग त्यात दहा कोटी नोंदी लिहायला बसता. केमॅलॉक-अ‍ॅरे हे फंक्शन आधी गुणाकार तपासतं आणि असल्या मागणीला नकार देतं. स्वतः गुणाकार करायचाच नाही.

इथे झोपलं तर चालेल का?

आता तो फ्लॅग. मेमरी हाताशी नसेल तर कर्नल काय करतो? कुणाची तरी पानं डिस्कवर लिहून मोकळी करतो, आणि तोवर मागणाऱ्याला झोपवतो. जीएफपी-कर्नल या फ्लॅगचा अर्थ एवढाच: वेळ लागला तर मी थांबेन, गरज पडली तर झोपेन.

पण ड्रायव्हरच्या प्रत्येक कोपऱ्यात झोपायची मुभा नसते. हार्डवेअरने इंटरप्ट ('हातातलं सोड, आधी माझं बघ' असा इशारा) दिला आणि त्याला उत्तर देणारं तुमचं फंक्शन चालू आहे, तेव्हा झोपता येत नाही. स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) हातात असेल तेव्हाही नाही, कारण दुसरा प्रोसेसर त्या कुलपासाठी जागच्या जागी गरगरत उभा असतो. घाटात एसटीच्या ड्रायव्हरने डुलकी काढावी तसं ते होईल. या जागांसाठी जीएफपी-अ‍ॅटॉमिक: असेल तर आत्ता दे, नसेल तर नाही म्हण, पण मला थांबवू नकोस.

नवीन माणूस इथे एक चलाखी करतो. अ‍ॅटॉमिक सगळीकडे चालतो ना, मग सगळीकडे तोच लिहू. मीही केलं आहे. पण अ‍ॅटॉमिकवाल्यांसाठी कर्नल अडीअडचणीचा राखीव साठा वापरू देतो. तो छोटा असतो. निवांत वेळ असलेल्या कोडने त्यात हात घातला, तर खरोखर घाईत असलेल्या नेटवर्क कार्डाला ऐन वेळी नकार मिळतो. घरातला गॅसचा भरलेला सिलिंडर रोजच्या चहाला काढण्यासारखं आहे ते.

उलटी चूक, म्हणजे स्पिनलॉक धरून जीएफपी-कर्नल, ही जास्त घातक. आणि ती लगेच दिसतही नाही. मेमरी भरपूर असेपर्यंत झोपायची वेळच येत नाही, त्यामुळे टेबलावर महिनोन् महिने सगळं छान. कर्नल बांधताना त्याची तपासणी चालू ठेवली, तर झोप लागो वा न लागो, नुसती शक्यता असली तरी लॉगमध्ये 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट' अशी बोंब येते. ती तपासणी ड्रायव्हर लिहिताना बंद ठेवणाऱ्याला मी तरी माफ करत नाही.

या सगळ्यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे इंटरप्टमध्ये मागायचंच नाही. ड्रायव्हर सुरू होतानाच, झोपायची मुभा असते तेव्हा, लागतील तेवढे बफर (निरोप ठेवायचे मेमरीचे तुकडे) घेऊन ठेवायचे आणि तेच फिरवत राहायचे. माझ्या ड्रायव्हरने हे केलं असतं तर हा लेख झाला नसता.

नकाराबद्दल एक. जीएफपी-कर्नलने मागितलेली छोटी मागणी, साधारण ३२ केबीपर्यंतची, कर्नल सहजी नाकारत नाही. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. म्हणून नल (नकार म्हणून हातात येणारा रिकामा पत्ता) तपासायचा कंटाळा येतो. पण तो नियम नाही, वागणूक आहे. अ‍ॅटॉमिकला आणि मोठ्या मागण्यांना नकार खुशाल मिळतो. नल तपासा, आणि नकाराची वाट एकदा तरी चालवून बघा. फेलस्लॅब नावाची सोय कर्नलमध्येच आहे, ती मुद्दाम मधूनमधून मागण्या नाकारते. मी ती पहिल्यांदा लावली तेव्हा माझा ड्रायव्हर चाळीस सेकंद टिकला.

परत करताना

मागणं एका ओळीचं काम आहे. ड्रायव्हरमधली खरी मेहनत सोडण्यात जाते, आणि सोडण्याला दोन अंगं आहेत: प्रत्येक वाटेवर सोडणं, आणि वेळेआधी न सोडणं.

पहिल्या अंगाचं उदाहरण म्हणून ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन घ्या. डिव्हाइस सापडलं की कर्नल ते बोलावतो. त्यात आधी ड्रायव्हरच्या स्वतःच्या नोंदवहीसाठी मेमरी घेतली, मग बफर घेतला, मग इंटरप्ट नोंदवला. इंटरप्ट नोंदवणं फसलं तर बफर सोडायचा, मग वही. बफरच फसला तर फक्त वही. मांडव जसा बांधला त्याच्या उलट्या क्रमाने सोडायचा. लिनक्समध्ये हे गोटो वापरून लिहितात: फंक्शनच्या तळाशी पायऱ्या, आणि ज्या पायरीवर फसलात तिथून खाली उतरत जायचं. कॉलेजात गोटो लिहिला की मार्क कापायचे. कर्नलमध्ये न लिहिणाऱ्याचा कोड परत येतो.

२०२३ च्या ६.५ आवृत्तीपासून एक सुटका आहे. व्हेरिएबल जाहीर करतानाच त्याला फ्री अशी खूण लावली की फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडा, कम्पायलर स्वतः केफ्री घालतो. आणि पॉइंटर, म्हणजे त्या मेमरीचा पत्ता, पुढे कुणाच्या ताब्यात द्यायचा असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. माझी चूक नेमकी या जातीची होती.

त्याआधीचा, २००७ पासूनचा उपाय म्हणजे डेव्हएम या उपसर्गाची फंक्शन्स. डेव्हएम-केझॅलॉकने घेतलेली मेमरी त्या डिव्हाइसच्या नावावर चढते (आणि शून्यांनी भरून मिळते, त्यामुळे कुणाचा जुना मजकूर चुकून बाहेरच्या प्रोग्रॅमला दिसत नाही). प्रोब फसला किंवा ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला की उलट्या क्रमाने सगळं आपोआप सुटतं. तळाच्या पायऱ्या बऱ्याच कमी होतात. पण लोक याला सर्व रोगांवरचं औषध समजतात. दर निरोपामागे डेव्हएमने मेमरी घेतली असती तर ती डिव्हाइस सुटेपर्यंत साठतच राहिली असती. माझा डबा तरीही मेला असता, उलट नोंदींच्या वजनाने थोडा लवकर. आणि डेव्हएमने घेतलेलं हाताने केफ्री केलं, तर नंतर आपोआप सुटताना तेच दुसऱ्यांदा सुटतं.

दुसरं अंग जास्त काळं आहे. सोडलेली मेमरी वापरणं. भाड्याची खोली सोडली पण किल्ली खिशात राहिली. उद्या तिथे दुसरं बिऱ्हाड येतं, आणि तुम्ही सवयीने दार उघडून त्यांच्या पातेल्यात आमटी ओतता. १९२ च्या मापातला तो तुकडा आता कदाचित नेटवर्कवाल्याकडे असतो. कोसळतो तो, आणि लॉगमध्ये नाव येतं त्याचं. हल्लेखोरांना ही चूक फार आवडते: सुटलेल्या तुकड्याच्या जागी आपला मजकूर बसवायचा आणि जुन्या किल्लीवाल्याकडून तो वापरून घ्यायचा.

हे होतं कसं, त्याचा नेहमीचा नमुना यूएसबीचा. एका प्रोग्रॅमने तुमच्या डिव्हाइसची फाइल उघडून ठेवली आहे, आणि कुणीतरी केबल उपटली. कर्नल ड्रायव्हरचं डिस्कनेक्टचं फंक्शन बोलावतो. त्यात तुम्ही, किंवा डेव्हएम, वही सोडून देता. पण फाइल अजून उघडी आहे. प्रोग्रॅम वाचायला येतो, आणि ड्रायव्हर सोडलेल्या वहीत डोकावतो. इथे डेव्हएमने मदत होत नाही, उलट फसगत होते. उपाय म्हणजे मोजणी: किती जण ही वही धरून आहेत याचा आकडा ठेवायचा. केबल निघाली की एक कमी, फाइल बंद झाली की एक कमी, आणि शून्य होईल तेव्हाच केफ्री. कर्नलमध्ये यासाठी केरेफ तयार आहे. इंटरप्टचंही तसंच. आधी इंटरप्ट बंद करायचा, चालू असलेला टायमर थांबवायचा, आणि मगच त्यांना लागणारी मेमरी सोडायची. क्रम उलटला तर हजारात एकदा फुटतं, आणि ते एकदा ग्राहकाकडेच असतं.

शोधायला हत्यारं चांगली आहेत. स्लबची तपासणी चालू केली तर सोडलेल्या तुकड्यात कर्नल ६बी हा (हेक्साडेसिमल) आकडा भरून ठेवतो. लॉगमध्ये पत्त्याच्या जागी ६बी६बी६बी६बी दिसलं की समजायचं, कुणीतरी जुन्या किल्लीने दार उघडलंय. एकदा ते बघितलं की आयुष्यभर लक्षात राहतं. केसॅन, २०१५ पासून कर्नलमध्ये असलेला, याहून कडक आहे. तो दर आठ बाइटमागे एक बाइट पहाऱ्याला ठेवतो आणि चुकीचा स्पर्श जागीच पकडतो. कोणी घेतलं, कोणी सोडलं, कोणी नंतर हात लावला, तिन्ही दाखवतो. मशीन संथ होतं, रॅम खातं, म्हणून हे प्रयोगशाळेत. गळतीसाठी केमेमलीक. तो साधारण दर दहा मिनिटांनी मेमरी चाळतो आणि ज्या तुकड्याकडे बोट दाखवणारा एकही पॉइंटर सापडत नाही त्याची यादी देतो, कोणत्या फंक्शनने तो मागितला होता त्यासकट.

मी मात्र ड्रिल मशीनने शोधलं, कारण आमच्या कर्नलमध्ये केमेमलीक बांधलेलाच नव्हता.

दुरुस्ती एका ओळीची झाली. मागे फिरण्याच्या त्या वाटेवर केफ्री. नवीन आवृत्ती पाठवली, आणि कारखान्यातल्या त्या माणसाला फोन करून सांगितलं की आता रविवारी डबा बंद करायची गरज नाही. तो म्हणाला, 'बरं झालं साहेब. पण राहू दे, रविवारी तसंही मी पंखे बंद करायला जातोच.'